यादी लागेपर्यंत

नांदेड
१२ जून २०२५

चि. उमादेवी,

हे पत्र निलंगा आगाराच्या पत्त्यावर टाकतोय. घरी पाठवलं असतं तर तुझ्या वडिलांनी, संगमेशरावांनी, न फोडता परत केलं असतं. तो त्यांचा हक्क आहे. फोन तू उचलत नाहीस, तो तुझा हक्क. सहा वर्षांत मी सोळा-सतरा वेळा तरी लावला असेल. नंतर लावायचं सोडलं, म्हटलं पोरीला आणखी त्रास नको.

तू एसटीत वाहक झालीस हे मला किल्लारीच्या रूपालीकडून कळलं. ती यंदा आपल्या कॉलेजात बी.ए.ला येतेय. बारावीपर्यंत रोज तुझ्याच गाडीनं शाळेला जायची म्हणे. मी सहज विचारलं, "फुटबॉल कुठं बघितलास गं?" तर म्हणाली, "आमच्या गाडीच्या कंडक्टर ताई लई भारी खेळायच्या म्हणतेत, पण त्या सोता काहीच सांगत नाहीत."

यंदाच्या संघाबद्दल लिहितो. दुसरं काय लिहिणार? तीस वर्षं झाली या कॉलेजात क्रीडा संचालक म्हणून. जून आला की मला पोरी शोधायच्या असतात, आणि तू होतीस तेव्हा त्या यादीवर आपण दोघं बसायचो. तू पेनानं खुणा करायचीस.

धम्मप्रिया आता तिसऱ्या वर्षाला आहे, कॅप्टन तीच. मधल्या फळीत तिच्यासारखी डोकं वर ठेवून खेळणारी पोरगी विद्यापीठात दुसरी नाही. डाव्या बाजूनं पळायला ही रूपाली. बॉल पायाशी राहत नाही तिच्या, पण पळते अशी की बॉललाच तिच्यामागं यावं लागतं. बॅकच्या तिघी जुन्या आहेत. एकूण संघ चांगला आहे, उमा. गेल्या चार वर्षांतला सगळ्यात चांगला. फक्त गोलमध्ये उभं राहायला कोणी नाही.

धर्माबादला एक धावपटू पोरगी बघायला गेलो होतो मे महिन्यात. तिनं नर्सिंगला प्रवेश घेतला होता, घरच्यांनी चहा पाजून वाटेला लावलं. स्टेशनकडं चालत निघालो तर फळबाजारात टरबुजाचा ट्रक खाली होत होता. वरून एक बाप्या टरबूज फेकतो, खालचा झेलतो, तो पुढच्याकडं फेकतो, अशी रांग. त्या रांगेत एक पोरगी होती. चार-पाच किलोचं टरबूज हवेतून येतंय आणि ही ते छातीशी असं घेतेय जसं झोपलेलं लेकरू घ्यावं. आवाज नाही. एक टरबूज वाकडं गेलं, तिच्या डोक्याच्या वर, उजवीकडं. ती उडी मारून एका हातानं थोपवून दुसऱ्या हातात घेऊन खाली आली आणि वरच्या माणसाला म्हणाली, "नीट टाक की, येड्या."

माझी गाडी चुकली. वीस मिनिटं तिथंच उभा होतो.

राजकन्या तिचं नाव. उंची तुझ्यापेक्षा दोन बोटं जास्त. वडील निजामाबादकडं बांधकामावर असतात. आई सरजाबाई मिरचीच्या बाजारात निवडायच्या कामाला जातात. आईला कसंबसं पटवलं. पोरगी येतेय, वसतिगृहात जागाही मिळाली.

मला गोलकीपरला शिकवता येत नाही हे तुला माहीत आहे. मी जन्मभर बॅकला खेळलो. तू शिकलीस ती स्वतःच्या हिमतीवर.

त्या वर्षी यादीत तुझं नाव राहून गेलं त्याबद्दल मी कधी नीट बोललो नाही. बोलेन.

तब्येतीला जप. उन्हाचं डोक्याला रुमाल बांधत जा.

आनंदराज सर


नांदेड
६ जुलै २०२५

चि. उमा,

परवा मी तुझ्या गाडीत बसलो. योगायोग नव्हता. लातूरला क्रीडा संचालकांची बैठक होती. ती बाराला संपली, आणि मी स्टॅंडवर अडीचपर्यंत थांबलो, कारण निलंगा–नांदेड गाडी अडीचला येते हे मी चौकशीच्या खिडकीवर विचारून घेतलं होतं.

तू मला ओळखलंस. ओळखलं नसतं तर दुसऱ्यांदा बघितलं असतंस. तू एकदाच बघितलंस आणि म्हणालीस, "कुठं?" मी म्हणालो, "नांदेड." तू मशीनमधून तिकीट काढून दिलंस आणि म्हणालीस, "मागं सरका, दारात गर्दी करू नका." अहमदपूरपर्यंत मी मागं उभा होतो. तिथं जागा झाली, बसलो. बोलायचं म्हणून जे जे ठरवून आलो होतो ते सगळं पोटातच राहिलं.

पण एक बघितलं. शिरूर ताजबंदच्या अलीकडं एका बाईच्या कडेवरचं लेकरू. समोर म्हैस आली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, लेकरू निसटलं. तू दोन सिटा पुढं होतीस, पाठमोरी. ब्रेक लागायच्या आधी तू वळली होतीस, उमा. आधी. मशीन हातातून सोडलंस, ते पट्ट्याला लोंबकळलं, आणि लेकरू तुझ्या दोन्ही हातांत. सगळी गाडी "अगं बाई" म्हणाली. तू लेकरू आईकडं दिलंस आणि म्हणालीस, "बसून घ्या मावशी, उभं राहू नका." आणि लगेच पुढच्याला, "कुठं?"

ते बघून मला कसं झालं ते मी लिहीत नाही. नांदेडला उतरताना मी "येतो" म्हणालो. तू वही भरत होतीस. ऐकलं नसशील.

राजकन्येचा सराव सुरू झालाय. हात देवानं दिल्यासारखे आहेत, पाय मात्र जमिनीला खिळलेले. टरबूज नेहमी आपल्याकडंच येतं ना, म्हणून तिला वाटतं बॉलही आपणच होऊन येईल. मी तिला पुढं सरकायला सांगतो, ती विचारते, "कधी सर?" मला "कधी" ते सांगता येत नाही. तू कसं ओळखायचीस?

उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. विचारल्याशिवाय राहवत नाही एवढंच.

आनंदराज सर


नांदेड
१० ऑगस्ट २०२५

उमा,

आज पाऊस आहे, मैदानात घोट्याएवढं पाणी. पोरींना वर्गात बसवून जुने सामने दाखवले. आणि मला तुला एक गोष्ट सांगायची आहे जी मी पहिल्या पत्रात लपवली.

सरजाबाईंना "कसंबसं पटवलं" असं मी लिहिलं होतं. कसं पटवलं ते ऐक.

त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या मिरच्या निवडून आल्या होत्या. हाताची आग होत होती म्हणून परातीत ताक घेऊन त्यात हात बुडवून बसल्या होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, माझ्या पोरीला बॉल धरायला नेताव, हाव, न्या. पण पुढं काय? तुमच्या हाताखालून गेल्याल्या एका पोरीचं नाव सांगा. तिचं काय झालं ते सांगा. मंग मी बोलते."

उमा, तीस वर्षांत माझ्या हाताखालून दीडशे तरी पोरी गेल्या असतील. शिक्षिका झाल्या, पोलिसात गेल्या, संसाराला लागल्या. पण तोंडात तुझंच नाव आलं. मी म्हणालो, "निलंग्याची उमादेवी. विद्यापीठाच्या संघाची गोलकीपर होती. आज एसटीत नोकरीला आहे."

"विद्यापीठाची?"

"हाव."

"म्हंजे खेळली म्हणून नोकरी लागली."

मी नुसती मान हलवली. सरजाबाई म्हणाल्या, "मंग न्या."

काल राजकन्येनं सरावानंतर बूट सोडता सोडता मला विचारलं, "सर, उमाताईंची विद्यापीठाची जर्सी कोणत्या नंबरची होती? मलाबी तोच नंबर पायजे." मी म्हणालो, "बघून सांगतो." ऑफिसात येऊन दार लावून बसलो. माझ्यासारख्या अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला एका पोरीनं बूट सोडता सोडता नागडं केलं.

तुला जर्सी मिळालीच नाही. आणि तुझं नाव "राहून" गेलं नव्हतं. तेही मी पहिल्या पत्रात खोटंच लिहिलं. आता खरं लिहितो.

२०१९ चा सप्टेंबर. विद्यापीठाच्या संघाच्या निवड समितीत आम्ही तिघं होतो. अमृतराव सर अध्यक्ष, परभणीचे एक सर, आणि मी. गोलकीपरसाठी तुझं नाव तिघांनीही पहिलं लिहिलं होतं. माझ्या कागदावर होतं, त्यांच्याही. मग अमृतराव यादी मोजून म्हणाले, "आनंदराज, तुमच्या कॉलेजच्या सात झाल्या. बाकीची कॉलेजं तक्रार करतील. एक कमी करा. कोण ते तुम्हीच ठरवा."

मी ठरवलं. पाच मिनिटंही लागली नाहीत. बाकी सहा जणींपैकी कुणाचं नाव काढलं असतं तर तिचा बाप भांडायला आला असता, नाही तर ती पोरगी कॉलेज सोडून गेली असती. मला वाटलं, उमा समजून घेईल. उमा माझ्या लेकीसारखी आहे, तिला मी नंतर सांगेन. जी आपली असते तिच्यावरच अन्याय करणं माणसाला सोपं जातं, हे मी त्या दिवशी शिकलो. नंतर तुला सांगितलंही नाही. परत येताना गाडीत तू माझ्या शेजारी बसली होतीस आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

विद्यापीठात नाव आलं तरच एम.ए.ला नांदेडला राहू देतो, असं संगमेशराव म्हणाले होते. मला ते माहीत होतं. हे सगळ्यात वाईट आहे म्हणून शेवटी लिहितोय. माहीत होतं, आणि तरी.

माझं चुकलं, उमा.

आनंदराज


नांदेड
३१ ऑगस्ट २०२५

चि. उमा,

गेल्या रविवारी धर्माबादला जाऊन आलो. सरजाबाईंना खरं सांगितलं. तू विद्यापीठाची गोलकीपर नव्हतीस, ती जागा तुझी होती आणि ती मी घालवली. एसटीतली नोकरी तुला तुझ्या अभ्यासावर लागली, माझ्यामुळं नाही. धम्मप्रियेला मी आधी सांगितलं होतं की मी असं करणार आहे. ती म्हणाली, "सर, स्पर्धा महिन्यावर आलीय. नंतर सांगा ना." कॅप्टन म्हणून तिचं बरोबर होतं. मीसुद्धा रेल्वेत बसल्यावर दोनदा तेच मनात म्हटलं.

सरजाबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "तुमी शिकल्यालं माणूस. माझ्या दारात बसून माझा च्या पिऊन खोटं बोललाव."

"हाव."

"मंग आता कामून सांगायलाव?"

मी म्हणालो, "पोरीनं जर्सीचा नंबर विचारला."

सरजाबाई दुसऱ्या दिवशी वसतिगृहात आल्या आणि राजकन्येला घेऊन गेल्या. पोरगी रडत नव्हती, पण मैदानाकडं बघत बघत गेली. हातमोजे माझ्या टेबलावर ठेवले. कॉलेजचे आहेत म्हणाली.

आता गोलमध्ये रूपालीला उभी करतोय. ती बॉल दिसला की गोल सोडून पळत सुटते. काल एका गोलवरून दुसऱ्या गोलपर्यंत पोचली आणि तिकडं गोल मारून आली. सगळ्या हसल्या, मीही हसलो. पण हसून सामने जिंकता येत नाहीत.

यंदा काही खरं नाही, उमा. तरी एक सांगतो, खूप वर्षांनी जेवण नीट जातंय. तुझ्या काकूंच्याही लक्षात आलं. त्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "हंगाम गेला." त्या म्हणाल्या, "मग असं खुललेलं तोंड का?"

आनंदराज सर


नांदेड
१४ सप्टेंबर २०२५

चि. उमा,

हे पत्र तू वाचायला घेशील तेव्हा तुला यातलं सगळं आधीच माहीत असेल. तरी लिहितो. सरजाबाईंनी जसं सांगितलं तसं मला कुठं तरी लिहून ठेवायचं आहे, आणि तुझ्याशिवाय दुसरं कुणाला लिहू?

मंगळवारी सकाळी मी मैदानावर आलो तर सरजाबाई आणि राजकन्या दोघी कट्ट्यावर बसलेल्या. सरजाबाईंच्या पायातल्या चपलेचा अंगठा तुटला होता, सुतळीनं बांधला होता. मी काही बोलायच्या आधी त्याच म्हणाल्या, "निलंग्याला जाऊन आले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. धर्माबादहून निलंगा! देगलूरला बहिणीकडं मुक्काम केला, तिथून उदगीर, तिथून दुसरी एसटी. म्हणाल्या, "तुमी खरं सांगितलाव का दुसरं खोटं, मला काय म्हाईत? म्हटलं त्या पोरीलाच इचारावं."

आगारात दुपारपर्यंत बसल्या. कुणालाही कळेना ही बाई कोण. मग तुझी गाडी आली. तू म्हणे पहिल्यांदा त्यांना पाणी दिलंस. मग कॅंटीनच्या मागं लिंबाखाली बसून तुझा डबा दोघींनी खाल्ला, ज्वारीची भाकर आणि शेंगदाण्याची चटणी. सरजाबाई म्हणाल्या, "चटणी जरा सपकच हुती, पण पोरगी चांगली हाय." मिरचीच्या बाजारातली बाई, तिला सगळंच सपक लागणार. मनाला लावून घेऊ नको.

त्यांनी तुला विचारलं, "या माणसाच्या हातात पोरगी ठिवू का नको? तू सांगशील तसं करते."

तू डबा पुसून पिशवीत ठेवलास म्हणे. नांदेडला निघायची तुझी गाडी लागली, भोंगा झाला, तेव्हा उठलीस आणि म्हणालीस, "मावशी, सर शिकवतेत चांगलं. आपल्या भागात त्यांच्यावानी शिकवणारं कुणी न्हाई. राहू द्या पोरगी. फकत निवडीच्या दिवशी तुमी सोता मैदानावर जाऊन बसा. यादी लागस्तोवर उठू नका."

सरजाबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा राजकन्या मोजे घालत होती. मी "बरं" एवढंच म्हणालो आणि मैदान आखायचा चुना आणायच्या निमित्तानं खोलीत गेलो.

तू मला माफ केलंस असं मी समजत नाही. तू त्या पोरीचं भलं बघितलंस. मी तुझ्या बाबतीत ते केलं नाही. तुला किती जड गेलं असेल ते बोलणं. मी तुझे आभार मानू शकत नाही, त्या शब्दात मावत नाही ते.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा २८ पासून, लातूरला. विद्यापीठाच्या संघाची निवडही तिथंच. आम्ही सगळे येतोय.

आनंदराज सर


नांदेड
५ ऑक्टोबर २०२५

चि. उमा,

आधी सामने. पहिला चार-शून्य जिंकलो, रूपालीचे दोन. दुसरा घाम काढून एक-शून्य. उपांत्य सामना बरोबरीत, मग पेनल्टी. राजकन्येनं दोन अडवल्या. दुसरी अडवली तेव्हा तिनं बॉल छातीशी धरला आणि सोडेचना. पंच मागतायत तरी देईना. अंतिम सामना लातूरच्याच कॉलेजशी, एक-दोन असा हरलो. दुसरा गोल राजकन्येची चूक. कॉर्नर आला, ती जागेवरून हलली नाही. बॉल तिच्या समोरून तीन फुटांवरून गेला आणि त्यांच्या पोरीनं डोकं लावलं. धम्मप्रिया जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मला बरं वाटलं ते बघून.

मग निवड.

सरजाबाई सकाळपासून मैदानाच्या कडेला पोतं अंथरून बसल्या होत्या. ऊन झालं तशी धम्मप्रियेच्या आईनं छत्री दिली, ती डोक्यावर धरून बसल्या, पण जागा सोडली नाही. येणारा-जाणारा विचारायचा, "मावशी, कुणाच्या?" त्या म्हणायच्या, "यादीच्या."

समितीत अमृतराव होते. यंदा शेवटचं वर्ष त्यांचं. तिसऱ्या लातूरच्या एक तरुण मॅडम, उपांत्य सामना त्यांनी पूर्ण उभं राहून बघितला होता. पहिली गोलकीपर लातूरची, यावर कुणाचं दुमत नव्हतं, माझंही नाही. ती पोरगी आज राजकन्येपेक्षा चांगली आहे. दुसऱ्या गोलकीपरच्या जागेला मी राजकन्येचं नाव घेतलं. अमृतराव बोटं मोजून म्हणाले, "आनंदराज, तुमच्या पाच झाल्या. ही सहावी. राहू द्या, पुढच्या वर्षी बघू. पोरगी नवीन आहे, समजून घेईल."

तेच शब्द, उमा. मला त्यांचा राग आला नाही. वाईट माणूस नाही तो. त्यांना तक्रारी नको असतात, मला तरी कुठं हव्या होत्या?

मी म्हणालो, "सर, हिच्यापेक्षा चांगली दुसरी गोलकीपर असेल तर तिचं नाव लिहा, मी आत्ता सही करतो. आणि नसेल, तर हिचं नाव का काढलं ते कारण कागदावर लिहा. 'सहावी होती म्हणून' असं लिहा. त्याखाली मी सही करणार नाही."

"असं कुठं लिहितात का?"

"लिहीत नाहीत म्हणूनच चालतं ते. सहा वर्षांपूर्वी मी न लिहिता एक नाव काढलं. ती पोरगी तिघांच्याही यादीत पहिली होती. तुम्हाला आठवत असेल."

ते चष्मा काढून पुसत बसले. लातूरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, मला त्या धर्माबादच्या पोरीहून बरी दुसरी दिसत नाही. माझ्या कॉलेजची नाही तरी म्हणते." अमृतरावांनी नाव लिहिलं. लिहून झाल्यावर हळूच म्हणाले, "निलंग्याची ना ती? उंच." मी म्हणालो, "हाव. उमादेवी."

यादी लागली तेव्हा मी सरजाबाईंकडं गेलो. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच सांगावं असं ठरवलं होतं. म्हणालो, "नाव आलंय. पण पहिली नाही, दुसरी. पहिली लातूरची आहे."

"ती माझीहून चांगली हाय?"

"आज तरी हाय."

"खरं सांगायलाव?"

"हाव, सरजाबाई."

त्या पोतं झटकून उठल्या. राजकन्येला जवळ घेतलं नाही, काही नाही. नुसतं तिच्या कपाळावरचा चिखल पदरानं पुसला आणि म्हणाल्या, "त्या लातूरच्या पोरीजवळ बस आन शिकून घे."

विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला मी एक पत्र दिलंय. २०१९ ला काय झालं, कुणी केलं, माझ्या सहीनिशी. त्यानं तुला काही मिळणार नाही. ना जर्सी, ना ती वर्षं. पण कागदावर कुठं तरी असावं की ती जागा तुझी होती. त्याची एक प्रत सोबत जोडली आहे. संगमेशरावांना दाखव किंवा नको, तू ठरव.

संघ दिवाळीनंतर पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाईल. राजकन्येला कॉर्नरला पुढं कधी यायचं ते अजून कळत नाही. मला सांगता येत नाही. जिला येतं तिला विचारायचं तोंड मला नाही. म्हणून विचारत नाही, नुसतं लिहितो.

तुझा,
आनंदराज सर


निलंगा आगार
१५ ऑक्टोबर २०२५

सर,

तुमची सगळी पत्रं मिळाली. पहिलं मी फाडलं, पण वाचून. बाकीची आहेत.

अमृतराव सर काय म्हणाले ते मला त्याच आठवड्यात कळलं होतं. ऑफिसातल्या शिपाईमामांनी ऐकलं होतं. मला अमृतराव सरांचा राग नव्हता. त्यांची माझी ओळख काय? तुम्ही माझं नाव काढलं याचाही राग एक वर्षभर होता, मग गेला. परत येताना तुम्ही खिडकीबाहेर बघत होता, त्याचा गेला नाही. तुम्ही तेव्हाच म्हणाला असता, उमा, मी असं असं केलं, तर मी तिथंच भांडले असते, रडले असते, आणि दुसऱ्या दिवशी सरावाला आले असते. मी सहा वर्षं मैदानात पाय ठेवला नाही तो तुमच्या त्या गप्प बसण्यामुळं. यादीमुळं नाही.

तुम्ही लिहिलं हे बरं केलं. अप्पांना प्रत दाखवली. त्यांनी दोनदा वाचली आणि घडी घालून देवघरात ठेवली.

अंतिम सामना मी बघितला. तुम्हाला दिसले नाही. लातूरला माझ्या गाडीला पाऊण तास होता, तर गणवेशातच जाळीच्या बाहेर उभी होते. राजकन्येला कॉर्नरला पुढं यायचं कळत नाही, कारण ती बॉल बघते. बॉल नाही बघायचा. मारणारीचा खांदा बघायचा. खांदा फिरला की पाऊल टाकायचं. आणि ती गोलपोस्टला चिकटून उभी राहते, भिंतीला टेकल्यासारखी. तिला सांगा, पोस्ट पडत नाही, सोड.

पण हे सांगून येत नाही. करून घ्यावं लागतं.

बुधवारी माझी सुट्टी असते. पहाटेच्या गाडीनं निघाले तर दहापर्यंत पोचते. पोरींचे तास असतील तर परवानगी काढून ठेवा. राजकन्येला एकटीला नको, रूपालीलाही उभी करा, कॉर्नर मारायला कुणी तरी लागतं, आणि त्या पोरीला एका जागी थांबायची सवय लागू द्या. सरजामावशींना सांगा, चटणी माझी नव्हती, कॅंटीनची होती.

मी आले की जुनं काही काढू नका. काढलं तर मला रडू येईल, आणि नव्या पोरींसमोर मला पहिल्याच दिवशी रडायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या बुधवारी बघू.

उमादेवी